एडिसन ते स्टॅमफर्ड : पुलाआधीचे चार मैल

न्यूजर्सीतल्या एडिसनहून कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डला गाडीने कसं जायचं असं कुणालाही विचारा, उत्तर एका वाक्यात येतं : "पंच्याण्णव नॉर्थ धर आणि सरळ जा." म्हणजे ९५ नंबरचा हायवे, उत्तरेच्या दिशेने. या "सरळ जा" चा मला अजून राग येतो. एडिसनहून निघून पंच्याण्णव नॉर्थ धरून सरळ गेलं तर माणूस स्टॅमफर्डला पोचत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय. मी पोचले मॅनहॅटनच्या नदीकाठी, तिथून परत न्यूजर्सीत, आणि मग पुन्हा न्यूयॉर्कमध्ये. एका सकाळीत जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचा टोल दोनदा भरला. त्यानंतर हा रस्ता नीट अंगवळणी पडायला मला जवळजवळ तीन महिने लागले. एडिसन, पिस्कॅटवे, वुडब्रिज भागातून कनेक्टिकटला नोकरीसाठी जावं लागणारी बरीच मराठी मंडळी आहेत. त्यांचा तरी वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. घरून काम करायची सवय झाली होती, आणि एक दिवस ईमेल आली की आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं. ऑफिस स्टॅमफर्डला. ट्रेनने का नाही, असं सगळे विचारतात. एडिसनहून पेन स्टेशन, तिथून ग्रँड सेंट्रल, तिथून मेट्रो नॉर्थ, असं दाराशी दार धरलं तर अडीच तासांच्या पुढे जातं, आणि संध्याकाळी सहाला मला डे-केअरच्या दारात उभं राहायचं असतं. म्हणून गाडी. लायसन्स होतं, गाडी होती, पण माझं चालवणं ओक ट्री रोड, मेन्लो पार्क मॉल आणि मुलाची शाळा एवढ्यातच. टर्नपाइकवर, म्हणजे न्यूजर्सीच्या टोलवाल्या हायवेवर, मी कायम नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसले होते. आणि शेजारच्या सीटवरून रस्ता कळत नाही.

टर्नपाइकचा भाग सोपा आहे, त्यावर वेळ घालवत नाही. एक्झिट १० ला चढायचं. आत गेल्यावर रस्ता दोन पट्ट्यांत विभागतो, आतली पट्टी फक्त कारसाठी, बाहेरची ट्रक-बस-कार सगळ्यांसाठी. कारची घ्यायची. नेवार्कच्या पुढे पूर्वेची शाखा आणि पश्चिमेची शाखा असे दोन फाटे फुटतात. पुलाकडे दोन्ही जातात आणि पुढे पुन्हा एक होतात. त्यामुळे कुठली धरली याची काळजी करू नका, डोक्यावरची पाटी ज्या शाखेला कमी गर्दी दाखवेल ती धरा. या टोकाला व्हिन्स लोंबार्डी नावाचा थांबा आहे. तिथे बाथरूमला जाऊन या. हे मी अगदी मनापासून सांगते, कारण त्याच्या पुढे दीड तास थांबायला जागा मिळेल याची खात्री नाही.

आता मुख्य गोष्ट.

एक्झिट १८ पर्यंत टर्नपाइकचे नंबर क्रमाने वाढत जातात. मग रस्ता तोच, डांबर तेच, आणि एक्झिटचा नंबर एकदम ६८. पहिल्या दिवशी ते वाचून मला वाटलं, मी चुकीच्या रस्त्याला लागले. लागले नव्हते. टर्नपाइकचे आकडे एक-दोन-तीन असे आहेत आणि इथून पुढचे मैलांच्या हिशेबाचे. पूल ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलात की पुन्हा १ पासून सुरुवात, कनेक्टिकटमध्ये शिरलात की आणखी एकदा नव्याने. नावांचंही तसंच. ज्याला आपण टर्नपाइक म्हणतो तोच ९५. पूल ओलांडला की तोच क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे, मग ब्रुकनर, मग न्यू इंग्लंड थ्रूवे, आणि कनेक्टिकटमध्ये कनेक्टिकट टर्नपाइक. एकाच रस्त्याची पाच नावं आणि फोन प्रत्येक वेळी वेगळं नाव घेतो. इथलं कुणी रस्ता सांगतं तेही नावाने सांगतं, नंबराने नाही. "क्रॉस ब्राँक्स घे" म्हणजे ९५ वरच राहा, हे मला कुणी फोडून सांगितलं नव्हतं.

टीनेकला ८० नंबरचा हायवे येऊन मिळतो. थेट सॅन फ्रान्सिस्कोहून देश आडवा कापत आलेला रस्ता इथे ९५ मध्ये संपतो. इथून पुलापर्यंत साधारण चार मैल. या चार मैलांत काय काय घडतं ते बघा. ८० ची सगळी गर्दी आत येते. रस्ता लोकल आणि एक्सप्रेस असा दुभागतो, मध्ये कठडा, एकदा एका बाजूला गेलात की मनात आलं म्हणून दुसरीकडे जाता येत नाही. पुढे रूट ४ येतो, ४६ येतो, १ आणि ९ येतात, ९डब्ल्यू येतो, पॅलिसेड्स पार्कवे येतो. त्यातच लिओनिया, एंगलवूड, फोर्ट ली या गावांच्या एक्झिट. आणि शेवटी डोक्यावर मोठी हिरवी पाटी : अप्पर लेव्हल, लोअर लेव्हल. पूल दुमजली आहे. वरचा मजला १९३१ चा, त्याच्यावर आठ लेन. खालचा १९६२ मध्ये जोडला, त्याच्यावर सहा. म्हणजे न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या सात लेन. आणि पलीकडे ज्या क्रॉस ब्राँक्समध्ये यातल्या बहुतेकांना शिरायचं असतं, त्याच्या एका दिशेला लेन किती? तीन. काही गाड्या मॅनहॅटनमध्ये उतरून जातात हे खरं, पण हार्लेम नदीकडून आणि मेजर डीगन नावाच्या हायवेकडून नव्या तितक्याच आत येतात. सकाळी सात वाजता टीनेकला ब्रेकचे लाल दिवे दिसायला लागतात, त्याचं मूळ पुलावर नसतं, पुलापलीकडे दोन-तीन मैलांवर असतं. हे कळल्यावर माझी निम्मी चिडचिड कमी झाली, कारण तोपर्यंत मी समोरच्या गाडीवर चिडत होते.

पहिल्या सोमवारी मी पावणेसहाला निघाले. टीनेकपर्यंत सगळं छान. उजवीकडची बाजू मोकळी दिसली म्हणून लोकलमध्ये गेले. मोकळी होती ती अर्धा मैल. मग एकेका गावाचा रॅम्प येत गेला आणि प्रत्येक रॅम्पवरून गाड्या आत घुसत राहिल्या. बाहेर पडणाऱ्यांना उजवीकडे यायचं, आत येणाऱ्यांना डावीकडे जायचं, आणि दोघांनाही ते त्याच शे-दोनशे फुटांत करायचं. या एकमेकांना छेदत जाण्याचीच सगळ्या जुन्या इंटरचेंजना, म्हणजे हायवे एकमेकांना मिळतात त्या जागांना, बाधा आहे. अमेरिकेतला पहिला क्लोव्हरलीफ, म्हणजे चार पाकळ्यांच्या आकाराचा इंटरचेंज, १९२९ मध्ये आमच्या शेजारच्या वुडब्रिजला झाला. पाकळीवरून येणारा आणि पाकळीवर जाणारा एकाच छोट्या पट्टीत एकमेकांसमोर येतात ही त्याची अडचण होती, म्हणून अलीकडे तो काढून टाकून तिथला चौक नव्याने बांधला. त्या काळच्या थोड्या गाड्यांना ती पट्टी पुरत होती. फोर्ट लीजवळच्या सकाळच्या गर्दीला कुठलीच पुरत नाही.

मी वरच्या मजल्यावर गेले. उजवीकडच्या लेनमध्ये, कारण नव्या माणसाला उजवीकडे सुरक्षित वाटतं. माझ्या पुढे अठरा चाकी ट्रक. पांढरी, मळलेली मागची दारं, त्यावर बोटाने कुणीतरी काढलेलं हसरं तोंड, आणि डाव्या कोपऱ्यात लोंबणारी एक पिवळी पट्टी. त्या दाराखेरीज मला समोरचं काही दिसत नव्हतं. पाटी ट्रकच्या वर होती, आणि जेव्हा दिसली तेव्हा मी तिच्या खालूनच चालले होते. पाटीच्या खालच्या पिवळ्या भागावर काळी अक्षरं : एक्झिट ओन्ली. म्हणजे या लेनला दुसरा पर्यायच नाही, लेन स्वतःच बाहेर जाते. डावीकडे बघितलं, इंडिकेटर दिला, कुणी जागा देईना. शेवटी मी ओढली गेल्यासारखी उजवीकडे उतरले. हेन्री हडसन पार्कवे. एका बाजूला हडसन नदी, सकाळच्या उन्हात चमकणारी, आणि मागे वळून पाहिलं तर मी आत्ताच ओलांडलेला पूल डोक्यावर.

इथपर्यंतची चूक साधी होती. खरी चूक पुढची. मी दक्षिणेकडे गेले होते. पुढे एके ठिकाणी उतरून उलट दिशेला वळले, आणि थोड्या वेळाने पाटी दिसली : ९५, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज. मला ९५ च हवा होता. जीव भांड्यात पडला. वळले. आणि रॅम्पवरून पुलावर चढल्यावर ध्यानात आलं की मी पश्चिमेकडे चाललेय. पाटीवर ९५ च्या जोडीला "साउथ" लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नाही. अख्खा पूल परत ओलांडून फोर्ट लीत आले, गावातल्या लेमोइन अव्हेन्यूवर सिग्नलला उभी राहिले आणि गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये लावून पाच मिनिटं नुसती बसले. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "घरी ये." मला घरी जायचं नव्हतं. मॅनेजरला मेसेज टाकला की उशीर होईल, आणि पुन्हा पुलाकडे निघाले.

फोर्ट लीतून पुलावर चढायच्या लेन अगदी थोड्या आहेत. २०१३ च्या सप्टेंबरात तीनपैकी दोन लेन काही दिवस बंद ठेवल्या गेल्या, तर सगळं गाव ठप्प झालं आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या रांगेत उभं राहिलं की कळतं, इथे एक लेन म्हणजे काय चीज आहे. मला पूल गाठायला पस्तीस मिनिटं लागली.

टोल फक्त न्यूयॉर्ककडे जाताना घेतात, परत येताना नाही. म्हणून पुलावरून चुकून न्यूजर्सीत आलात तर ते फुकट, पण पुन्हा जायचं तर पैसे. त्या दिवसाच्या हिशेबात दोन ओळी एकाखाली एक आहेत, ७:०९ आणि ८:१७, दोन्ही १५ डॉलरच्या वरच्या. सकाळी सहा ते दहा गर्दीचा दर लागतो, तोही दोन्हीला. त्यातल्या एका टोलचं तर बिल पोस्टाने घरी आलं, जास्त दराने, कारण दुसऱ्या खेपेला इझीपासचा, म्हणजे टोल आपोआप कापणारा, टॅग नीट वाचला गेला नाही आणि माझ्या नव्या गाडीचा नंबर मी खात्यात घातलेला नव्हता. ही चूक माझी. तुम्ही आज रात्रीच तुमच्या इझीपासच्या खात्यात जाऊन गाडीचा नंबर बरोबर आहे का ते बघा. टॅग आरशाच्या मागे काचेला चिकटवलेला हवा, पर्समध्ये किंवा खणात नको. २०२२ पासून या पुलावर रोख पैसे घेत नाहीत, बूथवर थांबून कुणाला काही विचारता येत नाही. फोटो निघतो आणि बिल घरी येतं.

दुसऱ्यांदा पूल ओलांडताना मी डावीकडे राहिले. तिथून पुढचा पाऊण मैल मला आजही आवडत नाही. रस्ता खाली खड्ड्यातून जातो आणि वर चार उंच इमारती आहेत, बत्तीस-बत्तीस मजल्यांच्या, हायवेच्या डोक्यावर बांधलेल्या. माणसं तिथे राहतात, खिडक्यांत कपडे वाळत असतात, आणि खाली आपण धुरात उभे. त्या इमारतींच्या खाली फोनचा जीपीएस हमखास गडबडतो. बाण गोल फिरायला लागतो आणि बाईचा आवाज बंद. आणि नेमक्या त्याच पट्ट्यात हार्लेम रिव्हर ड्राइव्ह, लगेच हॅमिल्टन पूल, लगेच मेजर डीगन असे फाटे फुटत असतात. ज्या ठिकाणी सांगणाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच सांगणारा गप्प. म्हणून माझं सांगणं आहे की पुलापासून हॅमिल्टन पूल संपेपर्यंतचा भाग पाठ असलाच पाहिजे. फोनवर विसंबू नका.

क्रॉस ब्राँक्सवर मी त्या दिवशी पहिल्या गिअरच्या वेगाने पन्नास मिनिटं होते. रस्ता जेमतेम सहा-सात मैलांचा. बाजूला थांबायला पट्टी जवळजवळ नाहीच, दोन्हीकडे उंच भिंती, एक गाडी बंद पडली की मागचं सगळं शहर थांबतं. त्यात सकाळचं ऊन बरोबर डोळ्यांत, कारण आपण पूर्वेला चाललेलो असतो. काळा चष्मा गाडीतच ठेवा. पुढे ब्रुकनरचा इंटरचेंज, पाच हायवे एकत्र येतात, पण त्या वेळपर्यंत मी इतकी सावध झाले होते की तिथे चुकले नाही. ऑफिसला पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. हात इतके आवळले होते की कॉफीचा कप धरता येईना.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी ठरवलं, हे असं चालणार नाही. पुण्यात चांदणी चौकाचा जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे रॅम्प सुरू झाले, तेव्हा बाबांनी काय केलं होतं ते आठवलं. बाबा पासष्टीच्या पुढचे, कोथरूडला राहतात, बावधनला बहिणीकडे जायचं तर त्याच चौकातून. पहिल्या दोन वेळा ते मुळशीच्या दिशेला निघून गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी एका रविवारी पहाटे स्कूटर काढली, प्रत्येक रॅम्पवरून एकेकदा गेले आणि वहीत खुणा लिहून आले. फोनवर मला म्हणाले, "अगं, तू पण तसंच कर. गर्दीत शिकायला जाऊ नकोस."

मग आम्ही तसं केलं. रविवारी सकाळी सहाला, गाडी नवरा चालवणार, मी शेजारी बसून प्रत्येक पाटी मोठ्याने वाचणार आणि फोनवर रेकॉर्ड करणार. मुलाला मागच्या सीटवर झोपेतच घातलं होतं. पहिल्या रविवारी मी नुसतं वाचलं. दुसऱ्या रविवारी मी चालवलं आणि त्याने वाचलं. तिसऱ्या रविवारी कुणीच वाचलं नाही. हे तीन रविवार म्हणजे मी या सगळ्यात केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पाट्या वाचायला बसल्यावर काही गोष्टी लक्षात आल्या, ज्या मला दहा वर्षं या देशात राहून माहीत नव्हत्या. हिरव्या पाटीच्या डोक्यावर एक्झिट नंबराची छोटी पट्टी असते. ती पाटीच्या उजव्या टोकाला असेल तर एक्झिट उजवीकडे, डाव्या टोकाला असेल तर डावीकडे, आणि डावीकडची असेल तर पिवळ्यावर "लेफ्ट" लिहिलेलं असतं. नुसत्या त्या पट्टीकडे बघून मैलभर आधी कळतं कुठल्या बाजूला सरकायचं. दुसरं, पाटीवर आपलं गाव नसतं. लांबचं मोठं शहर असतं. मला स्टॅमफर्ड हवं होतं, पाट्या सांगत होत्या न्यू हेवन. स्टॅमफर्ड हे नाव शोधत राहिले असते तर ब्राँक्सच्या पुढे गेलेच नसते. तिसरं, मी खालचा मजला घ्यायला लागले. लोअर लेव्हलवर ट्रकना बंदी आहे, म्हणून समोरचं दिसतं, पाट्या दिसतात. सगळे म्हणतात वरून नजारा छान. तुम्ही पहिले सहा महिने नजारा सोडा.

आणि पाटी वाचताना नंबर, दिशा, शहर, या तिन्ही गोष्टी वाचायच्या. मी फक्त नंबर वाचला होता.

एवढं करूनही वेळ तोच लागत होता. चुकत नव्हते, पण अडकत होते. मंगळवारी एक तास पन्नास मिनिटं, बुधवारी दोन तास वीस, गुरुवारी कुठेतरी ट्रक आडवा, पावणेतीन तास. रोज वेगळं. डे-केअरला तीन वेळा उशीर झाला. तिथल्या बाई काही बोलल्या नाहीत, पण मुलगा कोट घालून दप्तर पाठीला लावून दाराशी एकटा बसलेला असायचा. ते बघवायचं नाही.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक साताऱ्याचे काका राहतात. तीस वर्षं इथे गाडी चालवतायत, त्यातली बरीच वर्षं विमानतळाची टॅक्सी. एका शनिवारी गाडीतून पिशव्या काढताना भेटले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू राहतेस कुठल्या एक्झिटजवळ?" म्हटलं, टर्नपाइकच्या १० च्या. "१० ला टर्नपाइकखेरीज आणखी काय आहे?" मी म्हटलं, २८७. "मग तो २८७ जातो कुठे?"

मला माहीत नव्हतं. नवऱ्याच्या शेजारी बसून मी त्यावरून ब्रिजवॉटरच्या मंदिरात जात होते आणि तो पुढे कुठे जातो हे कधी बघितलं नव्हतं. काकांनी मला गाडीच्या बॉनेटवर बोटाने काढून दाखवलं. इंटरस्टेटचे, म्हणजे राज्याराज्यांतून जाणाऱ्या हायवेंचे, विषम नंबर उत्तर-दक्षिण जातात, सम पूर्व-पश्चिम. विषम आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतात, म्हणून ९५ अगदी पूर्व किनाऱ्याला. तीन आकडी नंबर म्हणजे मुख्य रस्त्याचं पिल्लू. पहिला आकडा सम असेल तर सहसा तो रस्ता शहराला वळसा घालून पुन्हा मोठ्या रस्त्याला मिळतो. २८७ चा २ सम. तो एडिसनहून निघतो, मॉरिसटाउनवरून माह्वापर्यंत वर चढतो, न्यूयॉर्क राज्यात शिरतो, हडसन नदी टॅपन झीच्या पुलावरून ओलांडतो आणि व्हाइट प्लेन्सवरून राय गावाला जाऊन परत ९५ लाच मिळतो. रायपासून स्टॅमफर्ड हाकेच्या अंतरावर. अख्खं न्यूयॉर्क शहर उजव्या हाताला बाजूला राहतं. "दाराशी रस्ता आहे आणि तू पंच्याण्णवच्या मागे लागलीस," काका म्हणाले.

अंतर साधारण चाळीस मैलांनी वाढतं. म्हणून फोन तो रस्ता सुचवत नाही, किंवा सुचवला तरी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर. पण माझा अनुभव असा की पावणेसहाला निघालं तर २८७ वरून वेळ रोज जवळपास सारखाच लागतो, दहा मिनिटं इकडे-तिकडे. मला लवकर पोचण्यापेक्षा किती वाजता पोचणार हे कळणं जास्त गरजेचं होतं. टोल तिथेही आहे, जातानाच घेतात, पण जॉर्ज वॉशिंग्टनपेक्षा बराच कमी. तिथला जुना पूल पाडून नवा बांधला, २०१७ आणि २०१८ मध्ये त्याचे दोन्ही भाग सुरू झाले. रुंद लेन, बाजूला थांबायला जागा. पहिल्या दिवशी त्या पुलावर हडसन बघितली तेव्हा मला खरंच बघता आली.

२८७ मध्येही गाठी आहेत, ते सांगायला हवं. बेडमिन्स्टरजवळ ७८ भेटतो तिथे सातनंतर गाड्या तुंबतात, आणि मॉरिसटाउनला ऑफिसची गर्दी लागते. सफर्नजवळ तो ८७ मध्ये मिसळतो आणि पुढे पाटीवर ८७ आणि २८७ हे दोन्ही नंबर, ढालीच्या आकाराच्या खुणांत, एकत्र दिसतात. घाबरू नका, दोन्ही एकच रस्ता आहेत. पुलानंतर मात्र जागं राहा. टॅरीटाउनच्या पुढे दोघे वेगळे होतात, ८७ न्यूयॉर्क शहराकडे खाली जातो आणि २८७ व्हाइट प्लेन्सकडे. इथे झोपेत ८७ वर राहिलात तर थेट मेजर डीगनवर, म्हणजे जिथून पळालात तिथेच. पावसाळी दिवशी किंवा ९५ लाल दिसला तर मी व्हाइट प्लेन्सच्या पुढून हचिन्सन आणि मग मेरिट पार्कवे घेते. त्यावर ट्रक नाहीत, झाडी आहे, पण रॅम्प जुने आणि फार आखूड. आत शिरताना संयम लागतो.

पेट्रोल न्यूजर्सीतच भरून निघा. इथे आपण स्वतः नळी धरायची नसते, भरून देणारा माणूस असतो, आणि थंडीत सकाळी साडेपाचला त्याची किंमत कळते. निघण्याआधी दोन मिनिटं नकाशा उघडून फक्त दोन जागा बघा, टॅपन झी आणि जॉर्ज वॉशिंग्टन. बाकीचा लाल रंग बघून काही फायदा नाही. आणि एक्झिट चुकली तर पुढची घ्या. ब्रेक दाबून, पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांवरून शेवटच्या क्षणी आत घुसणारे मी रोज एक तरी बघते. फोर्ट लीला माझ्या डोळ्यांसमोर एक चंदेरी होंडा तशी घुसली आणि मागच्या व्हॅनने तिला कडेला दाबली. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवशी मागची रांग टीनेकपर्यंत गेली. हे वर चार मैलांच्या भागात लिहायला हवं होतं, तिथे राहून गेलं.

आता सहा महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस, पावणेसहाला घरातून, संध्याकाळी साडेपाचच्या आत डे-केअरला. गेल्या दोन महिन्यांत एकदाही उशीर नाही. जॉर्ज वॉशिंग्टनवरून मी अजूनही कधी कधी जाते, सुट्टीच्या दिवशी, मुद्दाम, सवय जाऊ नये म्हणून. सन व्हायझरच्या मागे माझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आहे, पहिल्या रविवारची : लोअर, मधली लेन, ९५ नॉर्थ, न्यू हेवन. कोपरे दुमडलेत, पण काढली नाही.

परवा ऑफिसात नांदेडची एक नवी मुलगी रुजू झाली. पिस्कॅटवेला राहते, गाडी घेऊन महिनाही झालेला नाही. जेवताना मला म्हणाली, "ताई, सगळे म्हणतात पंच्याण्णव नॉर्थ धर आणि सरळ जा." मी तिला चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि २८७ चं सगळं समजावलं. पण नुसतं सांगून होत नाही. येत्या रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघी निघणार आहोत. ती चालवेल, मी पाट्या वाचेन.